लाव्ह्याची अंडी, भादव्याची हवा

मिठाच्या बरणीत चमचा रुतून बसला, पापड तव्यावरून उतरताच मान टाकायला लागला आणि कपाटातल्या माझ्या एकुलत्या एका कोटावर पांढुरकी बुरशी चढली, की आमच्या घरात सगळ्यांना भादवा लागल्याचं कळतं. मला अंडी आठवतात. यंदाही तेच झालं. परवा सकाळी मरोळच्या आमच्या खिडकीतून वारा आत आला तो कुणीतरी ओलं लुगडं तोंडावर झटकावं तसा. मी हवा हुंगली आणि बायकोला म्हटलं, "शोभा, ऐंशीच्या वर आहे बघ." काय ऐंशीच्या वर, हे तिने विचारलं नाही. पर्स खांद्याला लावत म्हणाली, "असू दे. तुम्ही फक्त काटा फिरवू नका म्हणजे झालं." आणि हॉस्पिटलच्या ड्युटीला निघून गेली.

त्या काट्याची गोष्ट माझ्या बाजूने सांगण्यासारखी नाही. मुलीच्या बाजूने मात्र कितीही वेळा सांगावी, मन भरत नाही. आणि मुलीची बाजू सांगायची तर अधेमधे माझी फजिती येणारच. भाकरीबरोबर करपलेला पापुद्रा येतो तशी.

मी इथल्या औद्योगिक वसाहतीत तापमापकं तपासतो. औषधांचे फ्रीज, बेकरीच्या भट्ट्या, रंगाच्या टाक्या, सगळ्यांना यंत्रं लावलेली असतात. ती खरं बोलतात की खोटं, हे ठरवायचं आणि खोटं बोलणाऱ्याचा कान पिळून त्याला ताळ्यावर आणायचं, हा माझा धंदा. उभी हयात दुसऱ्याच्या यंत्रांना खोटं ठरवण्यात गेली की माणसाला एक वाईट सवय लागते. ती पुढे येईलच.

आमची संघमित्रा, घरातली मित्रा, तेव्हा बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होती, प्राणिशास्त्र घेऊन. प्रत्येकाने एक प्रकल्प करायचा होता. कुणी गप्पी मासे घेतले, कुणी गांडुळं. हिने घेतलं: लाव्ह्याची अंडी कोणत्या हवेत, किती उबेत, किती ओलाव्यात उबवली तर जास्त पिल्लं निघतात. लाव्हा म्हणजे तो मुठीएवढा ठिपकेदार पक्षी. बाजारात त्याला बटेर म्हणतात. तिच्या मॅडमनी आधीच सांगून ठेवलं होतं, "संघमित्रा, पिल्लं निघालीच नाहीत तर लिहिणार काय? ग्रंथालयात बसून करता येईल असा विषय घे ना." मित्रा घरी येऊन म्हणाली, "पुस्तकातून उतरवून काढायचं असतं तर मी कॉलेजला कशाला गेले? मला माझं स्वतःचं काहीतरी बघायचंय." आमच्या घराण्यात शाळेची पायरी चढणारा पहिला माणूस माझा बाप, कॉलेजची चढणारा मी, तीही अर्धीच. स्वतःचं काहीतरी बघायचंय असं म्हणणारी ही पहिली. मी छाती फुगवून म्हटलं, "पेटी मी बनवतो. ऊब हा बापाचा विषय आहे."

इथे सगळं संपायला पाहिजे होतं. पण मी सल्लेही द्यायला लागलो.

पेटी झकास झाली, हे आजही सांगतो. मासळी बाजारातून थर्माकोलचं खोकं आणलं, झाकणात काच बसवली, आत बल्ब, जुन्या कॉम्प्युटरचा पंखा आणि मी स्वतः तपासलेला थर्मोस्टॅट बसवला. तापमान साडेसदतीसवर खिळा ठोकल्यासारखं. खोक्याला सुरमईचा वास होता, तो तीनदा घासूनही गेला नाही. बल्ब लागला की सुरमई गरम व्हायची आणि मजल्यावरची सगळी मांजरं आमच्या दारात सभेला बसायची. वॉचमनने विचारलं, "क्या काका, अंदर होटल खोला क्या?"

आणि अंडी? ती मी अंधेरीच्या मॉलमधून आणली. छान प्लॅस्टिकच्या डबीत, फ्रीजमधली. तीन दिवसांनी अंधार करून मोबाइलचा टॉर्च अंड्याखाली धरला, आत काय दिसतं बघायला. लाव्ह्याच्या अंड्याचं कवच नकाशासारखं ठिपकेदार, उजेड धड पलीकडे जात नाही. पण मला दिसलं. "मित्रा! हृदय! धडधडतंय बघ!" मी आईला बोलावलं, शोभाला बोलावलं. आईने तर हात जोडले. मित्राने अंड्याकडे न बघता डबीकडे बघितलं आणि हळूच म्हणाली, "पप्पा, ही खायची अंडी आहेत. माद्यांच्यात नर ठेवतच नाहीत ते. जन्मभर उबवली तरी यातून काही निघणार नाही."

"मग धडधडत काय होतं?"

"तुमचा हात."

त्या अंड्यांचं शोभाने कालवण केलं. मी जेवलो नाही. दुसऱ्या दिवशी जेवलो.

आई, म्हणजे माझी आई, मित्राची आज्जी, जालन्याकडची. तिच्या बोलण्यातून ज्वारीची धाटं अजून गेलेली नाहीत. तिला लाव्हा म्हटलेलं कळेना. चित्र दाखवल्यावर म्हणाली, "लावरी व्हय! मंग सांगा ना लावरी म्हणून." आणि मग आमच्या बैठकीच्या खोलीत तिचं रान उभं राहिलं. कापणी झालेल्या वावरातून चालताना पायाखालून भुर्रकन उडणाऱ्या लावऱ्या मलाही आठवल्या. इतक्या जवळून उडायच्या की काळीज आधी उडायचं, पक्षी मागून. पकडायला म्हणून मी टोपी फेकायचो. एकदा टोपीखाली खरंच काहीतरी सापडलं. हात घातला तर ती आमच्याच शेजारणीची कोंबडी, आणि ती मला चावली. कोंबडी चावते हे गावाला माझ्यामुळे कळलं.

आईला दुसरा धक्का बसला तो पाळलेल्या लावरीचा. मित्राने तिला सांगितलं की फार्मवरची ही लावरी अंडी घालते आणि विसरून जाते, पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यात राहून तिला अंड्यांवर खुडूक बसणंच राहिलेलं नाही. आईचा चेहरा पडला. "आई असून बसत न्हाई? कसली बाई ही!"

"ड्युटीला जात असेल," शोभा स्वयंपाकघरातून म्हणाली.

तर खुडूक आम्ही बसलो. गोरेगावला एकाकडे फार्मवरची फलित अंडी यायची, तिथून मी आरेच्या रस्त्याने रिक्षात ट्रे मांडीवर घेऊन आलो. प्रत्येक खड्ड्याला मी सीटवरून उठून अर्धा उभा. रिक्षावाला आरशात बघून म्हणाला, "काका, बॉम्ब है क्या?" घरी आल्यावर अंडी टोक खाली करून दिवसभर विसाव्याला ठेवायची, हे मित्राने आधीच ठरवलेलं. मग पेटीत. आणि रोज त्यांना उलटायचं, नाहीतर आतलं पिल्लू कवचाला चिकटतं. सकाळी मी, दुपारी आई, संध्याकाळी कॉलेजातून आली की मित्रा. आई दुपारी फोन करायची, मी कारखान्यात कुठल्यातरी भट्टीसमोर घामाघूम, आणि ती ओरडून सांगायची, "अरं बबन, कूस बदलली बरं का लेकरांची!" आजूबाजूच्यांना वाटायचं घरात जुळी झालीत.

आता काटा.

मी एक व्हिडिओ बघितला होता. कुठल्यातरी कोरड्या मुलखातला माणूस, त्याच्यामागे पिवळं माळरान. तो म्हणाला, पेटीत वाटीभर पाणी ठेवा, ओलावा पाहिजे. मी ठेवली. आईने बघितली आणि तिला ती वाटी अपुरी वाटली. गावाकडे उन्हाळ्यात कोंबडी अंड्यांवर रवणीला बसवली की टोपलीभोवती ओलं गोणपाट लावायची पद्धत. तिने गोणपाटाचा तुकडा भिजवून पेटीत लावला. मी नको म्हटलं नाही. ओलावा मोजायला एक छोटं यंत्र आत होतं, त्याचा काटा चढत चढत ऐंशीच्या पुढे गेला. आता सरळ डोक्याचा माणूस काय म्हणेल? पाणी जास्त झालं. मी काय म्हटलं? काटा बिघडला. माझा धंदाच तो! मी स्क्रू फिरवून काटा मागे आणला, साठावर ठेवला, आणि मित्राला म्हटलं, "खोटं बोलत होतं. सरळ केलंय." तिने माझ्यावर विश्वास ठेवला. बाप तपासनीस असल्यावर मुलगी अजून काय करणार?

खरं सांगायचं तर दोष एकट्या धंद्याचाही नव्हता. आमच्या घरात पाण्याबद्दल वाईट बोललं जात नाही. माझ्या आजोबांना गावच्या आडावर पोहरा टाकायची मुभा नव्हती. कुणाला दया आली तर वरून ओंजळीत धार. त्या धारेखाली वाकलेली माणसं ज्या घरात होती, त्या घरात पाहुणा आला की आधी तांब्या येतो, मग माणूस कोण ते विचारतात. आई इथे मुंबईत येऊन किती वर्षं झाली, तरी झोपण्यापूर्वी माठ भरलेला आहे की नाही बघते. पुरात माणसं वाहून जातात हे आम्हालाही ठाऊक होतं. पण वाटीभर पाण्याने कुणाचं वाईट व्हावं, हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातच येणं शक्य नव्हतं.

दिवस भरले. चार-पाच पिल्लं कशीबशी बाहेर आली, त्यातलं एक गेलं. बाकीचा ट्रे गप्प. आम्ही अजून एक दिवस वाट बघितली, मग अजून एक.

रविवारी सकाळी मित्राने गॅलरीत वर्तमानपत्र अंथरलं आणि न फुटलेली अंडी एकेक करून फोडायला बसली. मी म्हटलं, "टाकून देऊ या गं." ती म्हणाली, "नाही. आत काय झालं ते बघायचंय." मी ग्रीलला धरून समोरच्या इमारतीवरची कबुतरं बघत उभा राहिलो. ती हळू आवाजात स्वतःशीच बोलत होती. "पूर्ण वाढलंय. बलक पोटात घेतलाय. चोच वळलीय. ओलं." दुसरं. "पूर्ण वाढलंय. ओलं." तिसरं. तिने बाहीने नाक पुसलं आणि परत सुरू झाली. आई येऊन बघून गेली आणि आत जाऊन गोणपाट वाळत घालून आली.

मी जन्मात कितीतरी नापास झालेली यंत्रं बघितली. त्यांच्या मालकांचे चेहरेही बघितले. बहुतेक जण यंत्र उघडायला घाबरतात. माझी मुलगी एकोणीस-वीस वर्षांची, डोळे पुसत होती आणि पुढचं अंडं उचलत होती.

मग तिने घरातला छोटा वजनकाटा काढला. पेटीत भरताना तिने प्रत्येक अंड्याचं वजन केलं होतं. फोडायच्या आधीही केलं होतं. दोन्हींत फरक जवळपास नाही. "पप्पा, अंडं हलकं व्हायला हवं होतं," ती म्हणाली. "उबेत थोडं थोडं पाणी बाहेर जातं, मग आत रुंद टोकाला हवेची पोकळी होते. पिल्लू पहिला श्वास तिथे घेतं, कवचाच्या आतच. आपण पोकळीच होऊ दिली नाही."

मी यंत्राकडे बघितलं. यंत्राने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "तो काटा..." ती म्हणाली, "माहितीय मला. ओल्या मिठाबरोबर डबीत बंद करून तपासला मी, तिथे पंच्याहत्तर यायलाच हवे. वीस घरं मागे आहे." एवढंच. तिने आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. शोभाने ती कसर भरून काढली.

मॅडमनी अजून एकच संधी दिली. सादरीकरणाची तारीख जवळ आली होती आणि गोरेगाववाल्याने सांगितलं होतं, हा शेवटचा ट्रे, पुढे पक्षी पिसं झाडतील, अंडी बंद. यातून पिल्लं निघाली नाहीत तर मित्राला ग्रंथालयातला विषय. तिने पेटी माझ्याकडून ताब्यात घेतली. "पप्पा, तुम्ही तापमान बघा. बाकी कशाला हात नाही."

"स्क्रूला?"

"स्क्रूला तर नाहीच."

आणि तिने वाटी बाहेर काढली. आई उसळलीच. "तहानेनं मारती का लेकरांना?" मित्रा तिच्या शेजारी जमिनीवर बसली. "आज्जी, भादव्यात तू इथे पापड घालतेस का?"

"न्हाई बाई, वाळंत कुठं?"

"का वाळत नाहीत?"

"हवाच वली." आई थांबली. मग म्हणाली, "म्हंजे पाणी हवेतच हाय म्हन."

"हां. आपण ती हवा फक्त गरम करायची. गरम झाली की बरोबर मापात येते. वरून वाटी नको."

आईला पटलं, पण पटणं वेगळं आणि राहवणं वेगळं. एका दुपारी मला जेवायच्या सुट्टीत काहीतरी विसरलेलं घ्यायला घरी यावं लागलं. अर्ध्या उघड्या दारातून बघतो तर आई पेटीसमोर ओला रुमाल हातात घेऊन उभी. बराच वेळ उभी राहिली. मग तो रुमाल तिने स्वतःच्या कपाळावर ठेवला आणि पलंगावर जाऊन बसली. मी दार न वाजवता उलट पावली कारखान्यात गेलो. काय विसरलो होतो ते आजतागायत आठवत नाही.

मित्रा दर दोन दिवसांनी अंडी तोलायची आणि जेवताना बातमी द्यायची, "हलकी होतायत." तिच्या सांगण्याला एक लय आली होती. शोभा म्हणायची, "आमच्या वॉर्डात बाळांचं वजन वाढलं की पेढे. तुझं उलटंच." मला त्या हलकेपणाचं काहीतरी लागून राहिलं. आम्ही आईबाप, आजीआजोबा, लेकराला भरत राहतो. जेवण, सल्ले, पाणी, माझ्यासारखा असला तर दुरुस्त केलेले काटे. आत श्वास घ्यायला थोडी जागा लागते, ती कुणी मोकळी ठेवायची?

शेवटच्या टप्प्याला तिने उलटणं थांबवलं आणि एका सकाळी म्हणाली, "आज्जी, आता पाणी."

आईला खरं वाटेना. "आता कसं? इतके दिस न्हाई म्हनत व्हतीस."

"आता कवच फोडतील. आतला पापुद्रा वाळला तर पिल्लू त्यात अडकेल. आता ओलावा हवा. तूच ठेव."

आईने हात धुतले, लुगड्याला पुसले, वाटी भरून दोन्ही हातांनी आत ठेवली. बुद्धवंदनेला बसताना करते तसा चेहरा.

पुढल्या दुपारी मी घरी होतो, सुट्टी काढली होती, कारण सांगितलं होतं पाठदुखीचं. पेटीला कान लावला तर आत टिक्‌... टिक्‌टिक्‌... टिक्‌. पंख्याचं बेअरिंग गेलं! आत्ता पंखा बंद पडला तर सगळी वाट लागली. मी धावत पाना आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन आलो, झाकणाला हात घातला, तोच मागून मित्रा ओरडली, "पप्पा! पाना खाली ठेवा!"

"अगं, पंखा वाजतोय!"

"पंखा नाही, अंडी वाजतायत! लाव्ह्याची पिल्लं आतून एकमेकांना ऐकवतात. मागे पडलेली त्या आवाजाने घाई करतात, म्हणजे सगळी मिळून बाहेर येतात. झाकण उघडलं तर ओलावा जाईल."

मी पाना खाली ठेवला. आम्ही चौघं त्या मासळीच्या खोक्याला कान लावून बसलो. शोभा ड्युटीवरून आलेली, गणवेशातच. पन्नाशीचा माणूस, दोन बायका आणि एक म्हातारी, चार कान थर्माकोलवर. आत कुणीतरी कुणाला तरी चला रे, चला गं म्हणत होतं.

मग झाकणाच्या काचेतून पहिली भेग दिसली. रुंद टोकाला गोल कापत, डब्याचं झाकण उघडावं तशी. एक पिल्लू अर्धं बाहेर येऊन थांबलं. थांबलंच. मला राहवेना. "नुसतं बोटाने सोडवू का गं?" मित्राने न बघता माझं मनगट धरलं. घट्ट. पिल्लाने मान टाकली, परत उचलली, पायांनी कवच ढकललं आणि ओलं गबाळं होऊन जाळीवर पडलं, गांडूळ आणि भुंगा यांच्या मधलं काहीतरी. तेव्हा तिने माझं मनगट सोडलं. तिच्या बोटांचे वळ उमटले होते. कारखान्यात दुसऱ्या दिवशी मी बाही दुमडूनच हिंडलो.

त्यानंतर त्यांची रांगच लागली. संध्याकाळपर्यंत पेटीत चिवचिवाटाची शाळा भरली होती. वाळली तशी ती पिल्लं तपकिरी पिवळ्या पट्ट्यांची, अंगठ्याएवढी, एकमेकांच्या अंगावरून पळणारी. आई म्हणाली, "हुबेहूब रानातली." पिल्लांना बाहेर घेतल्यावर मित्राने बाटलीच्या झाकणात गोट्या टाकून त्यांच्यामधून पाणी ओतलं, म्हणजे कुणी बुडणार नाही. आणि आईने एकेका चोचीला बोटाने पाणी दाखवलं. घरी आलेल्याला आधी पाणी.

मित्राने हिशोब केला. "फलित अंड्यांपैकी शेकडा पंच्याहत्तर, आज्जी."

"म्हंजे रुपयात बारा आणे," आई म्हणाली. "लई झालं. मला तर गावाकडं आठ आण्याच्या वर कधी जमलं न्हाई."

पिल्लं पुढे गोरेगावच्या फार्मवर गेली. मांजरांची सभा बरखास्त झाली. सादरीकरणाच्या दिवशी कॉलेजच्या सभागृहात पोस्टरं लावलेली होती, पालकांना यायची परवानगी होती. मी तो बुरशी पुसलेला कोट घालून गेलो. मित्राने दारातच बजावलं, "तुम्ही मागे उभं राहायचं. बोलायचं नाही." मी मागे उभा राहिलो.

बाहेरून आलेले परीक्षक तिच्या पोस्टरसमोर थांबले. पिकलेल्या मिशांचे, कडक. त्यांनी दुसऱ्या तुकडीच्या आकड्यावर बोट ठेवलं. "इथे एवढी पिल्लं कवचात का मेली?" मी मनात तयारी केली होती, ती आता सांगणार, वडिलांनी काटा फिरवला. सांगितलं असतं तरी बरोबरच होतं.

मित्रा म्हणाली, "ओलावा जास्त झाला, सर. यंत्रावर खरा आकडा दिसत होता, आम्ही मानला नाही. आमचं घर जालन्याकडचं. पेटी मुंबईत होती आणि हवा आम्ही गावची धरली होती."

परीक्षकांनी बोट पुढच्या आकड्यावर सरकवलं. "आणि तिसऱ्या वेळी?"

"तिसऱ्या वेळी जिथे राहतो तिथली धरली."

ते हसले नाहीत, पण पेनचं टोपण लावलं आणि पुढचं पोस्टर सोडून परत तिच्याच आकड्यांकडे वळले. आता ते तिला शिकवत नव्हते, विचारत होते. मॅडम बाजूला उभ्या, हाताची घडी घालून, जणू हा विषय त्यांनीच सुचवला होता.

मी बोलायचं नाही असं कबूल केलेलं, म्हणून नाही बोललो. पण शेजारी कुणाचे तरी वडील गप्पी माशांच्या पोस्टरसमोर उभे होते. त्यांना कोपराने हलवलं आणि म्हटलं, "ऐकलंत ना? आमची आहे ती."